आगीची धनीण

कुडाच्या पाड्यावरच्या यमुना बरफला कुणी विचारलं, की जंगलात आग लावतेस का, तर ती बिनदिक्कत हो म्हणायची. वर उलट विचारायची, "मंग? तू घर झाडत नाय?" आडनाव बरफ आणि काम आगीचं, यावर वसईच्या बाजारात जेवढे म्हणून विनोद होण्यासारखे होते तेवढे सगळे तिनं ऐकले होते, आणि प्रत्येकाला पहिल्यांदाच ऐकल्यासारखी हसली होती. हसलेलं गिऱ्हाईक शेवळांच्या रानभाजीच्या जुडीसाठी घासाघीस करत नाही, हे तिला ठाऊक होतं.

तुंगारेश्वरच्या डोंगरांचा जो उतार समुद्राकडे तोंड करून आहे, त्यावर ओहळाच्या वरच्या अंगाला हा बावीस झोपड्यांचा वारली पाडा. खाली उमेळ्याकडे वाड्या जाऊन त्यांच्या जागी चार-चार मजले चढत होते. पाड्यावर मात्र नव्वद साल उलटून गेलं तरी विजेचा खांब आला नव्हता, आणि आला नाही म्हणून कुणी ऊर बडवून घेत नव्हतं. पाड्याच्या खालच्या बाजूला मोहाची साठेक झाडं होती. चैत्रात फुलं गळायला लागली, की उजाडल्यापासून अख्खा पाडा टोपल्या घेऊन त्या बनात. फुलं वाळवून वर्षभर खायची, बियांचं तेल काढायचं, आणि उरलेल्या फुलांचं यमुनेचा नवरा पांडू काय करायचा ते सरकारला सांगण्यासारखं नव्हतं. मोहाचं बन राहिलं तर पाडा राहिला, इतकं ते सरळ होतं.

हे बन आगीपासून राखायचं काम यमुनेचं. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत कापून पाड्यावरची माणसं खालच्या तबेलेवाल्यांना विकत. म्हशीसुद्धा ज्याला तोंड लावत नाहीत असं रानट गवत मात्र कंबरभर तसंच उभं राही. फाल्गुनापर्यंत ते इतकं वाळे, की कुणाच्या विडीची ठिणगीही पुरे. म्हणून पौषात, दहिवर पडत असतानाच, बनाखालच्या पायवाटेच्या कडेनं वीसेक पावलं रुंदीची पट्टी जाळून मोकळी करायची. मग उन्हाळ्यातली आग तिथवर येते, खायला काही मिळत नाही, आणि उपाशी मरते.

हे काही यमुनेनं शोधलेलं नव्हतं. सासऱ्याच्या आज्यापासून चालत आलं होतं. सासऱ्याला मुलगे तीन, पण दम एकालाही धरवत नसे. शेवटी म्हाताऱ्यानं मरण्याआधी काडीपेटी सुनेच्या हातात दिली आणि पांडूचा जीव भांड्यात पडला. कमरेला मडकं बांधून चाळीस हात उंच ताडावर सरसर चढणारा हा गडी आगीला मात्र टरकून होता. पाड्यावर धूर दिसला, की पांडूला शोधायला वर बघावं लागे.

नुसती काडी ओढून हे काम होत नसे. सकाळी यमुना गवताची एक मूठ उपटून गालाला लावून बघायची. गार लागलं पण ओलं लागलं नाही, की वेळ झाली. ओलं लागलं तर थांबायचं, कोरडं लागलं तर सरळ घरी परत यायचं. वेळ झाली की ती आणि तिची सून हंसा काठ्या आपटत पट्टीभर हिंडत, "उठा रं, निंगा रं," म्हणून ससे, लावे, साप यांना उठवत, आणि पळून जायला त्यांना एक बाजू मोकळी ठेवत. त्यानंतर चढाच्या वरच्या अंगाला काडी. आग वर धावते आणि खाली चालते. वरून लावली तर उताराला ती म्हातारीसारखी एकेक पाऊल टाकत येते, आणि म्हातारीबरोबर कुणालाही चालता येतं. समुद्राकडचा खारा वारा सुटायच्या आत, म्हणजे दहा-साडेदहापर्यंत, सगळं आटपायचं. आणि सगळ्यात मोठा नियम हा, की आगीला धनी एकच. तिनं लावली, की राखेत हात घालून ती गार लागेपर्यंत जबाब तिचा. चार धनी झाले की आग कुणाचीच राहत नाही.

सत्त्याण्णव सालच्या पौषात या सगळ्यात जयवंत येऊन पडला.

जयवंत साताऱ्याकडचा, चोवीस वर्षांचा, नवाकोरा वनरक्षक. शिट्टी नवी, बूट नवे, डायरी नवी. जंगलात धूर दिसला म्हणजे गुन्हा घडला, एवढं शिकून तो आला होता, आणि पहिल्याच महिन्यात त्याला धूर दिसला. शिट्टी फुंकत, धापा टाकत तो पाड्याखाली पोचला, तेव्हा पट्टीची पहिली सकाळ चालू होती. पट्टी तीन सकाळींत पुरी व्हायची. पांडू केव्हाच ताडावर गेला होता.

"ए मावशी! काय चाललंय? विझवा ती आग!" जयवंत ओरडला.

"थांब रं," यमुना मागं वळूनही न बघता म्हणाली. "चालती आग मधीच सोडता येत नाय. बस त्या दगडावर."

वारली बोलीत अहो-जाहो नसतंच. कलेक्टर आला तरी तो तूच. जयवंतला ते झोंबलं, पण गंमत अशी, की तो बसला. तब्बल दोन तास आरोपीनं सरकारला दगडावर बसवून ठेवलं. पट्टीचा मधला, त्या सकाळचा हिस्सा जळून विझला, यमुनेनं राखेत हात घालून बघितला, लुगड्याला पुसला आणि म्हणाली, "चल. कठं न्यायची तठं ने."

चौकीत रीतसर पंचनामा झाला. मुद्देमाल म्हणून काडीपेटी एक आणि आग झोडायच्या करंजाच्या ओल्या फांद्या दोन जप्त झाल्या. जयवंत मनानं वाईट नव्हता. पन्नाशी उलटलेल्या बाईला कोर्टात उभं करायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून त्यानं तिच्याकडून नुसती हमी लिहून घेतली, की यापुढे मी जंगलात आग लावणार नाही. यमुनेनं अंगठा उठवला, पण ती जागची हलेना.

"आता काय?" जयवंतनं विचारलं.

"हा तुझा कागद झाला. आमचा शब्द कागदावं ऱ्हात नाय. वाघोबाकडं चल. नारळ घे."

आता आरोपी आपण होऊन वर आणखी एक शपथ घ्यायला निघालाय, असं कुठल्याही पुस्तकात नव्हतं. जयवंतनं पदरचा नारळ घेतला आणि तिच्यामागून डोंगर चढला. माथ्याजवळ शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. त्याच्यापुढं नारळ ठेवून यमुना म्हणाली, "माज्या हातानं रानात काडी लागनार नाय. शब्द या जयवंत गार्डानं घेतला. त्यानं हितं येऊन परत दिल्याबिगर तो माजा नाय." जयवंत खूश झाला. इकडची माणसं फार ऐकणारी आहेत, असं त्यानं साताऱ्याला पत्रही लिहिलं. बिचारा.

पट्टीचे दोन हिस्से तसेच उभे राहिले. हंसा म्हणाली, "आत्या, मी लावते." यमुनेनं मान हलवली. "आगीची धनीन मी. माजा शब्द गेला म्हंजी घराचा गेला." पांडूला कुणी विचारलंच नाही. मग सासू-सुना विळे घेऊन त्या रानट गवतावर बसल्या. त्याच्या धारेनं हात चिरत, दिवसभरात खाटेएवढी जागा मोकळी होई. वनखात्याची आग अडवायची जाळरेषा वर माथ्यावरून गेलेली, ती ओहळाच्या या उताराला येत नसे. जयवंत फेरीवर दिसला, की यमुना एवढंच म्हणे, "गवात बघ." तो गवत बघे, मान डोलवे आणि पुढं जाई. त्याला गवतच दिसे. यमुनेला मात्र त्या जागी जळालेला मोह दिसे.

चैत्रातल्या एका रविवारी कुठलीशी मंडळी ओहळावर सहलीला आली. कोंबडी भाजून, खाऊन, चुलीवर पाणी न मारताच निघून गेली. दुपारी खारा वारा सुटला आणि ओहळाकडून आग निघाली. जयवंत दोन मजुरांना घेऊन धावत वर आला तेव्हा ती अर्धा उतार चढून झाली होती. बनात फुलं गळत होती, पाड्यावर चटयांवर वाळत होती, आणि बायका करंजाच्या फांद्या हातात घेऊन पायवाटेवर ओळीनं उभ्या होत्या.

जयवंतनं खाली बघितलं. पौषात यमुनेनं जेवढा तुकडा जाळला होता, तिथं कोवळं हिरवं फुटलं होतं, आणि तिथं येऊन आग मान टाकत होती. त्याच्या दोन्ही बाजूंनी, जिथं त्यानं जाळू दिलं नव्हतं, तिथून ती धावत वर येत होती. कुणी त्याला काही समजावून सांगायची गरज उरली नाही.

"मावशी, काहीतरी करा!"

"मी काय करू? शब्द तुज्याकडं हाय."

"सोडला! सोडला मी शब्द! लावा काय लावायचं ते!"

"असा हितं सुटत नाय तो. वाघोबाकडं सुटतो. तठं जाऊन यीपर्यंत बन ऱ्हायल का?"

जयवंतला रडायला यायचं बाकी होतं. यमुनेलाही काही कमी भरून आलेलं नव्हतं. तिनं लग्न होऊन आल्या वर्षापासून या झाडांखाली टोपली धरली होती. तिनं एकदा बनाकडं बघितलं, एकदा या घामेजलेल्या पोराकडं बघितलं आणि म्हणाली, "काडी तू लाव. कठं लावायची, कवा लावायची, मी सांगते. पन आग माजी, ध्यानात ठेव."

"काडीपेटी?" जयवंतनं खिसे चाचपले. तो विडी ओढत नव्हता. तेवढ्यात वरून टपकन काहीतरी पडलं. ताडाच्या शेंड्यावरून पांडूनं आपली काडीपेटी टाकली होती, आणि आगीच्या कामात त्यानं जन्मात केलेली ही पहिली मदत होती.

यमुनेनं जयवंतला पायवाटेच्या खालच्या कडेला वाकवून बसवलं. खालून आग तडतडत येत होती, धुरानं डोळे चुरचुरत होते.

"आता?" त्यानं विचारलं.

"नाय."

"मावशी, आता?"

"गप. गवात बघ."

खाऱ्या वाऱ्यानं गवताचे शेंडे बनाकडे झुकलेले होते. आग आणखी जवळ आली तसे ते हळूहळू सरळ उभे राहिले. मग उलटे, आगीकडेच झुकायला लागले. मोठी आग हवा आत ओढायला लागली होती. जयवंतनं ते बघितलं, आणि यमुनेनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "आता!"

पहिल्या दोन काड्या विझल्या. तिसरी लागली. यमुना पुढं आणि जयवंत वाकून मागं, अशी दोघं पायवाटेच्या कडेनं पळत गेली, आणि तिनं बोट दाखवलं तिथं तिथं त्यानं पेटवलं. नवी आग उताराला निघाली, आधी बिचकत, मग खालची आग तिला ओढायला लागली तशी झपाट्यानं. इकडं उडालेली ठिणगी पडली रे पडली, की हंसा आणि बाकीच्या बायका फांद्यांनी ती झोडून काढत. चाळीसेक पावलांवर दोन्ही आगी एकमेकींना भिडल्या. एकदा मोठा भडका झाला, आणि मग दोघींनाही खायला काही उरलं नाही. कडेच्या तीन मोहांची साल होरपळली, एवढंच. पाड्यावर इतका आरडाओरडा आणि हशा झाला, की पांडू खाली उतरला. यमुनेनं मात्र जयवंतला सोडलं नाही. राख गार लागेपर्यंत तिनं त्याला जागोजागी हात घालून बघायला लावलं.

खरी पंचाईत पुढंच होती. जयवंतला अहवाल लिहायचा होता. आग विझवली, एवढंच लिहून भागलं असतं. पण या पोराला सरळपणाची खोड होती. त्यानं लिहिलं, की मी स्वतः काडी ओढून दुसरी आग लावली. वरून नोटीस आली, की वनरक्षकानंच जंगलात आग लावली याचा खुलासा करा. आठ दिवसांनी रेंजरसाहेब स्वतः चौकशीला यायचे ठरले.

"सांग ना, तूच लावली म्हनून," पांडू बायकोला म्हणाला. "पोराची नोकरी वाचल."

"आन माजा शब्द? वाघोबापुढं बोलले मी."

"मंग सांग त्यानं लावली."

"मंग पोर घरी जाईल."

पांडूनं डोकं खाजवलं. त्याच्या जवळच्या दोन्ही युक्त्या संपल्या होत्या. यमुनेला ते आठ दिवस घास गोड लागला नाही. फुलं वेचताना ती स्वतःशी पुटपुटायची. खोटं बोलून पोराला वाचवावं तर शब्द जातो, आणि एकदा शब्द गेलेल्या बाईच्या हातात पाडा पुन्हा आग देत नाही. मग पुढच्या पौषात पट्टी कोण जाळणार? खरं बोलावं, तर ज्यानं बन वाचवायला हात भाजून घेतला त्याच्याच पोटावर पाय.

रेंजरसाहेब आले. निवृत्तीला टेकलेला, जाडजूड, डोंगर चढून घामाघूम झालेला माणूस. त्यांना मोहाखाली खाट टाकून दिली. जयवंत शेजारी ताठ उभा होता.

"आग कुणी लावली?" साहेबांनी विचारलं.

जयवंतनं तोंड उघडलं, पण यमुना त्याच्या आधी पुढं झाली.

"काडी त्यानं लावली," ती म्हणाली. "आग माजी हाय."

"म्हणजे काय?"

"त्याला कठं ठाव आग कशी लावतात? तीन काड्या लागल्या त्याला. कठून लावायची, कवा लावायची, किती लावायची, समदं मी सांगितलं. त्यानं हात दिला. गुन्हा लिवायचा तर आगीच्या धनीनीवं लिव. काडीवं काय लिवतोस?"

साहेब उठले, पायवाटेनं चालत गेले, काळं झालेलं बघितलं, त्यातला तो हिरवा तुकडा बघितला, तिथं बराच वेळ उभे राहिले. परत येऊन त्यांनी पाणी मागितलं. तांब्याभर प्यायले आणि म्हणाले, "पौषात सगळी पट्टी जाळू दिली असती, तर?"

"तर तू हितं आला नसतास," यमुना म्हणाली, "आन मी फुलं वेचत असते."

साहेब हसले, इतके की खाट करकरली. नोटिशीचा खुलासा त्यांनी स्वतः लिहिला. आणि मार्गशीर्षाच्या शेवटच्या दिवशी कागद आला, की ओहळाकडच्या उतारावरची पट्टी दर पौषात पाड्यानं, यमुना पांडू बरफ सांगेल त्या रीतीनं, वनरक्षकाच्या हजेरीत जाळावी. पुढं गुडघे थकेपर्यंत, सलग नऊ पौष, ती यमुनेनंच जाळली. मधे या डोंगरांचं अभयारण्य झालं, गार्ड बदलले, आणि प्रत्येक नव्या गार्डला तिनं आधी दगडावर बसवलं. पण त्यातली पहिली सकाळ सांगायची राहिली.

कागद घेऊन जयवंत धावत पाड्यावर आला होता. त्यानं तो मोठ्यानं वाचून दाखवला. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या, पांडूनं सरकारला सांगण्यासारखं नसलेलं ते बाहेर काढलं. यमुना मात्र उंबऱ्यात बसून होती.

"मावशी, सुटला की आता सगळा प्रश्न!"

"कागदानं कागद सुटला," ती म्हणाली.

जयवंतला कळलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो नारळ घेऊन हजर झाला. दोघं माथ्यावर गेली. काय बोलायचं असतं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानं बूट काढले, नारळ ठेवला, हात जोडले आणि त्याच्या साताऱ्याच्या बोलीत म्हणाला, "यमुनामावशींचा शब्द मी घेतला होता. घेतला तवा मला काय बी कळत नव्हतं. मी परत देतोय."

वर्षभरात यमुना एकदाही रडली नव्हती. गवतानं हात चिरले तेव्हा नाही, आग चढून आली तेव्हा नाही, साहेबांपुढंही नाही. आता ती वाघोबापुढं बसली आणि हमसून हमसून रडायला लागली. सरकारचा गार्ड घाबरून तिच्याशेजारी उकिडवा बसला.

"मावशी, माझं काही चुकलं का?"

"नाय रं पोरा," तिनं दोन्ही तळवे उलटेसुलटे करून बघितले. "हात हलकं झालं."

मग तिनं डोळे पुसले आणि दोघं खाली उतरायला लागली, कारण वारा सुटायच्या आत पट्टीचा पहिला हिस्सा व्हायला हवा होता.